वॉरंटीत न बसणारं कुंकू

कंपनीचं नाव मी घेणार नाही. त्यांच्याकडे वकील फार आहेत आणि माझ्याकडे नुसतं तोंड आहे. पण डबीचं नाव घ्यायला कुणाच्या बापाची भीती नाही, कारण ते आमचं आम्ही ठेवलंय. कंपनीच्या खोक्यावर तिला काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव होतं, आमच्या घरात ती डबी. चुन्याच्या डबीपेक्षा जरा मोठी, शर्टाच्या खिशात मावणारी, आणि तिच्यात माझ्या नवऱ्याचा आवाज.

मी उज्ज्वला मगदूम. कोल्हापुरात आठवी ते दहावीला विज्ञान शिकवून निवृत्त झाले. माझे यजमान रणजित मगदूम, ह्यांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप. आता तिथली मशिनं स्वतःच जॉब उचलतात, स्वतःच कापतात, स्वतःच मापं घेतात. पण वडिलांच्या वेळचा एक हातलेथ ह्यांनी कुणाला हलवू दिला नाही. आणि बोलणं! गिऱ्हाइकाशी, चहावाल्याशी, रस्त्यानं जाणाऱ्या कुत्र्याशीसुद्धा. संध्याकाळी जिन्यावरनंच हाक यायची, "मास्तरीण! च्या टाकलाय का न्हाई?" लग्न झाल्यावर मला त्या हाकेची लाज वाटायची. शाळेतल्या बायकांसमोरही मास्तरीण! पुढं अशी सवय झाली की ती हाक आल्याशिवाय मी चहाचं आधण ठेवेना.

मग एका सकाळी ह्यांच्या हातातनं कप सुटला. स्ट्रोक. डॉक्टर म्हणाले, मेंदूतनं जिभेकडं, ओठांकडं, घशाकडं जाणारी वाट तुटलीय. हातपाय सुधारले, हे परत लेथवर उभे राहिले, पण तोंडातनं नुसती घरघर. आत शब्द तयार व्हायचे, सगळं समजायचं, डोळ्यांत दिसायचं, बाहेर यायला दार नव्हतं. ज्याची हाक गल्लीच्या टोकाला ऐकू जायची तो माणूस पाटीवर लिहून चहा मागायला लागला. मला ते बघवायचं नाही. ओट्यावर डोकं टेकून मी रडायचे आणि मग डोळे पुसून चहा न्यायचे.

डबी आणली ऋतुजानं. ती आमची एकुलती एक, पुण्यात नोकरी करते. आता मी जरा वर्गावर येते, कंटाळू नका. आपण 'प' म्हणतो तेव्हा मेंदू ओठांना 'मिटा' असा हुकूम सोडतो. ओठ ऐकोत न ऐकोत, हुकूम निघतोच. कवटीच्या आत, मेंदूच्या अंगावर, कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ जाळी बसवतात. ती हे हुकूम टिपते आणि बिनतारी खिशातल्या डबीकडं पाठवते. डबी ते ओळखते, जोडते आणि बोलते. आवाजही ह्यांचाच. जुन्या फोनमध्ये ह्यांनी लोकांना पाठवलेले बोलके निरोप ढिगानं पडले होते. उधारीच्या तगाद्यापासून वाढदिवसाच्या आशीर्वादापर्यंत. त्यातनं तो आवाज बांधला.

खरी करामत डबीतल्या चिपची. साध्या कॉम्प्युटरनं शिकलेलं फाइलीत असतं, कॉपी केली की झालं. ह्या चिपनं शिकलेलं तिच्या अंगात असतं. तिच्यात असंख्य बारीक जोड आहेत. एखादा शब्द जितका वापराल तितका त्याच्या वाटेवरच्या जोडांचा विद्युतरोध कमी होतो, वाट गुळगुळीत होते. बिडाचा तवा वापरून वापरून तयार होतो ना, तसंच. शेजारणीचा तवा आणून आपली धिरडी निघत नाहीत. म्हणून एका माणसाची डबी दुसऱ्याच्या कवडीच्या कामाची नाही.

पहिली दोन वर्षं तिला मी शिकवलं. मी शब्द म्हणायचे, हे मनात म्हणायचे, डबी चुकायची. "पुन्हा म्हणा." वर्गात आयुष्यभर जे केलं तेच. कंपनीच्या सल्लागारानं सांगितलं होतं की प्रमाण भाषेत शिकवा, लवकर शिकेल. ह्यांनी साफ मान हलवली. डबी पहिलं धड वाक्य बोलली ते, "मास्तरीण, च्या हाय का न्हाई?" मी इतकी हसले की गॅसवरचं दूध उतू गेलं. मग हसता हसता रडू फुटलं, आणि हे खिशावर हात ठेवून परत परत तेच म्हणत राहिले.

डबी आल्यापासनं तीन वर्षं सुखात गेली. चौथ्या वर्षीच्या श्रावणात पहिला शब्द गेला. एरंडेल. हे म्हणायला गेले आणि डबीतनं नुसती खरखर. एरंडेल गेलं म्हणून कोण रडतं? आम्ही हसलो. मग 'पाचर' गेली. मग 'साडू' गेला, तेव्हा हे पाटीवर लिहून म्हणाले की बरं झालं, कटकट मिटली. गणपतीत आरतीची दोन कडवी गेली तेव्हा कुणीच हसलं नाही.

ऋतुजानं शोधाशोध केली. ह्या खेपेच्या चिपांमध्ये जोडांवरचा थर पातळ बसलाय, अशी परदेशातल्या गिऱ्हाइकांची ओरड चालली होती. थर पातळ म्हणजे जोड आपोआप सैल होतात. रोजचे शब्द टिकतात, क्वचित वापरलेले आधी जातात. कंपनीच्या प्रयोगशाळेत जोडन् जोड मोजून नव्या चिपवर उतरवता येतो. पण जे उरलंय तेच उतरतं. गेलं ते गेलं.

"वॉरंटी अजून आहे आई," ऋतुजा म्हणाली. "दसऱ्यानंतरची तारीख घेतलीय. तोवर बाबांना भरपूर बोलतं ठेव."

आणि मधे आली खंडेनवमी.

उद्यमनगरात खंडेनवमी काय असते हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. त्या दिवशी हत्यार चालवायचं नाही, हत्याराला विसावा द्यायचा. मशिनं पुसून लख्ख, झेंडूचे हार, पाटावर ओळीनं मापं घ्यायचे व्हर्नियर, मायक्रोमीटर, पाने, हातोडी. सगळ्यांना हळदकुंकू. ह्यांनी खिशातनं डबी काढली, बंद केली आणि मायक्रोमीटरच्या शेजारी ठेवली. ज्याच्यावर पोट चालतं ते हत्यार, तर ज्याच्यावर तोंड चालतं ते का नव्हे? म्हणजे तो दिवसभर हे आपखुशीनं मुके राहणार होते. दर वर्षी राहायचे. मी पाणी शिंपडलं नाही, एवढी अक्कल विज्ञान शिकवणाऱ्या बाईला असते. कोरडी हळद, कोरडं कुंकू, दोन बोटं. बास.

पुण्याचं सेवाकेंद्र एखाद्या हॉटेलसारखं होतं. गुळगुळीत फरशी, गार हवा, हळू आवाजात बासरी. डबी भिंतीतल्या एका खणात ठेवायची. खण बंद होतो, आतले कॅमेरे डबी उलटीसुलटी करून बघतात आणि निकाल पडद्यावर येतो. माणसाचा हात लागत नाही. आमचा निकाल बासरीची एक तान संपायच्या आत आला: ओलावा-खूण लाल. दावा नामंजूर.

काउंटरवर निमिष नावाचा पोरगेला इंजिनियर होता. म्हणाला, "मॅडम, चार्जिंगच्या भोकाच्या आत एक पांढरा ठिपका असतो. पाणी लागलं की तो लाल होतो. तुमचा लाल आहे. पाणी गेलेलं वॉरंटीत बसत नाही."

"तो कुंकवाचा लाल आहे."

"काय?"

"कुंकू. खंडेनवमीला लावलं."

"डिव्हाइसला?"

"मग काय तुला लावू?"

पोरगं बिचारं गोरंमोरं झालं. हे मागं उभे होते, डबीशिवाय, पण खांदे हलताना दिसले. हसत होते.

मी म्हटलं, "तुमच्या कँटीनमध्ये लिंबू आहे? आण." त्यानं खरंच आणलं. मग मी आठवीचा तास घेतला. खरं कुंकू हळदीचंच असतं. हळदीत चुन्यासारखं आम्लारी मिसळलं की ती लाल होते, आणि त्या लालवर आम्ल पडलं की परत पिवळी. हळदीच्या कागदाचा प्रयोग शाळेत सगळ्यांनी केलेला असतो. आमचं कुंकू महाद्वार रोडवरचं, हळदीचं, रंग घातलेलं नव्हे. मी कापसाच्या काडीनं भोकातली लाल पूड अलगद टिपली, कागदावर घेतली आणि वर लिंबू पिळलं. पिवळी धमक. मग निमिषला म्हटलं, आता आत बघ. त्यानं भिंग लावून बघितलं. खालचा ठिपका पांढराशुभ्र.

"काकू, तुम्ही बरोबर आहात," तो म्हणाला. मॅडमची काकू झाले.

"मग घाल परत खणात."

त्यानं घातली. पडद्यावर आलं: या क्रमांकाचा निकाल लागला आहे. मग त्यानं स्वतः अपील लिहिलं, इमानेइतबारे. पाणी नाही, कुंकू होतं, पुसल्यावर खूण पांढरी आहे, जुना बिघाड आहे, दावा मंजूर करावा. परतीच्या वाटेवर मी गाडीत ताठ बसले होते. सत्य सिद्ध केलं की झालं, अशी माझी समजूत होती. एवढी वर्षं पोरांना तेच शिकवलं.

उत्तर फोनवर आलं. कंपनीची बोलणारी मदतनीस, माणूस नव्हे, यंत्रच. काय ती वाणी! एक शब्द अडखळत नाही, एक जोड सैल नाही.

"नमस्कार उज्ज्वलाताई. आपलं म्हणणं ग्राह्य धरण्यात आलं आहे. ओलाव्याचा आक्षेप मागे घेत आहोत."

"देव पावला."

"आपल्याच अपिलानुसार उपकरणात बाहेरची पूड आढळली आहे. ती ग्राहकानं हेतुपुरस्सर लावली आहे. त्यामुळे दावा नामंजूर आहे. आपल्या भावना आम्ही समजू शकतो."

माझं डोकं असं सणकलं! "अगं बये, एरंडेल श्रावणात गेलं! कुंकू आश्विनात लावलं! आधी काय आणि नंतर काय एवढं तरी कळतं का तुला? नाचता येईना अंगण वाकडं! चिप तुमची सडकी आणि बोट आमच्या कुंकवाकडं!"

"आपल्या भावना आम्ही समजू शकतो," ती तितक्याच गोड आवाजात म्हणाली.

मी फोन आपटला. त्याला काही झालं नाही, हल्ली फोन तेवढे मजबूत करतात.

ऋतुजाला सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "आई, पण लावायचंच कशाला?"

"तूसुद्धा?"

"मी तुला दोष देत नाहीये. पण नसतं लावलं तर त्यांना निमित्त मिळालं नसतं."

"निमित्त शोधणाऱ्याला निमित्ताचा दुष्काळ नसतो. निमिषनं मला काय सांगितलं माहितीये? माझं नाव सांगू नका म्हणाला. अशा डब्या रोज येतात. कुणाला कुंकू, कुणाला घाम, कुणाला अत्तर. वड्याचं तेल वांग्यावर, रोज."

'बरं' म्हणून तिनं फोन ठेवला, पण ते 'बरं' पटल्याचं नव्हतं. त्या दिवसापासनं आमच्या दोघींत एक कुसळ राहिलं. फोन आला की आधी मी ह्यांना द्यायचे.

ग्राहक न्यायालयाचा वकील म्हणाला, केस चांगली आहे, निकाल तुमच्या बाजूनं लागेल, वर्षा-दोन वर्षांत. चिप वर्षभर थांबणार होती का? तेव्हा आम्ही उजळणी सुरू केली. पाढ्यांची करतात तशी शब्दांची. म्हणत राहिलं तर जोड टिकतो. पण माणूस दिवसात म्हणून म्हणून किती शब्द म्हणणार? मग निवडायची वेळ आली. संसारातलं सामान कमी करायला बसावं तसे आम्ही संध्याकाळी बसायचो. 'गुडघा' ठेवायचा की 'खांदा'? दुखतो तो गुडघा, तो ठेवा. आंबा राहू दे, फणस गेला तरी चालेल. महिन्यांची नावं सोडून दिली. देवांत अंबाबाई आणि जोतिबा ठेवले. भावाचं नाव सोडताना ह्यांनी ते पाटीवर लिहून घेतलं. भाऊ जाऊन वर्षं झालीत, हाक मारायची वेळ यायची नाही, असं मीच म्हटलं.

उजळणीचा शेवट कायम एकच. हे माझ्याकडं बघायचे आणि डबी म्हणायची, "मास्तरीण." मी म्हणायचे, "ओ." मग आम्ही जेवायला बसायचो.

पौषात कंपनीचा प्रस्ताव आला. त्याच गोड वाणीत. "उज्ज्वलाताई, माणुसकीच्या दृष्टीनं आम्ही नवी डबी विनामूल्य देऊ. शिल्लक शब्द प्रयोगशाळेत त्यावर उतरवून देऊ. फक्त बिघाड वापरामुळे झाला, याची डबीधारकांनी कबुली द्यायची आहे. मजकूर आम्ही तयार केला आहे. त्यांनी स्वतःच्या आवाजात एवढंच म्हणायचं: चूक माझी आहे."

"सही चालणार नाही?"

"घरच्यांनी परस्पर सही केली, असं नंतर कुणी म्हणू नये म्हणून त्यांचाच आवाज हवा. आणि दबावाखाली म्हटलं असंही कुणी म्हणू नये, म्हणून पंधरवडाभर रोज नोंद व्हावी."

अशी कबुली सगळ्यांकडनं घेतली की सडक्या चिपचा पुरावा कुठं उरतो? मला ते लख्ख दिसत होतं. मी म्हटलं, मेलं तरी म्हणू देणार नाही. ऋतुजा सुट्टी काढून घरी आली आणि स्वयंपाकघरात आमची जुंपली.

"आई, बाबांचा आवाज महत्त्वाचा की तुझा ताठा?"

"ताठा? न केलेली चूक कबूल करायची?"

"तीन शब्द आहेत फक्त! म्हणून टाकू दे आणि सुटू दे. तू जिंकशीलही कोर्टात. तेव्हा बाबांकडे तुझं अभिनंदन करायला शब्द असेल का?"

हे दारात उभे होते, आम्हाला कळलंच नव्हतं.

"आदी आत घिऊ दे," डबी म्हणाली. "मग... बगू."

मला त्याचा अर्थ कळला. ऋतुजालाही कळला, ती वर्कशॉपमध्येच वाढली. ह्यांच्या वर्कशॉपचा तो कायदा होता. माल परत आला की आधी आत घ्यायचा, माणसाला चहा पाजायचा, मग चूक कुणाची ते बघायचं. एकदा एका पंपवाल्यानं शाफ्टची अख्खी खेप परत आणली. चूक त्याच्या ड्रॉइंगची होती. ह्यांनी त्याच्यासमोर 'चूक माजी' म्हणून सगळे शाफ्ट नवे करून दिले. दुसऱ्या दिवशी पंपवाला ओशाळून पेढे घेऊन आला. ह्यांना वाटलं, जग असंच चालतं. एकानं कमीपणा घेतला की दुसऱ्याला लाज वाटते.

"अहो, ते लोक तुमच्यासारखे नाहीत," मी म्हटलं. हे हसले आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायला आम्ही तयार झालो.

पहिल्या दिवशी हे म्हणाले, "चूक माजी हाय."

मदतनीस म्हणाली, "मजकूर जुळत नाही. कृपया पुन्हा म्हणा."

"चूक... माजी हाय."

"मजकूर जुळत नाही. कृपया पुन्हा म्हणा."

चार वर्षं ज्या माणसानं डबीला आपली भाषा सोडू दिली नव्हती, त्याला आता कंपनीचं वाक्य जसंच्या तसं म्हणायचं होतं. सैल झालेले जोड, त्यात परकी वळणं. शिकवायला घरात मास्तरीण होतीच. मी खुर्ची ओढून समोर बसले. "मा-झी. आ-हे. पुन्हा म्हणा." सकाळी, जेवणाआधी, जेवणानंतर. रोज नोंद व्हायची म्हणजे रोज बसणं आलं. एका दिवशी जमायचं, दुसऱ्या दिवशी निसटायचं. निसटलं की पंधरवडा पहिल्यापासनं. तो पंधरवडा दीड महिना चालला. हे थकायचे, डोकं धरून बसायचे, इतर वेळी डबी बंद ठेवून पाटीच घ्यायचे. गुडघा, आंबा, अंबाबाई, कशाची उजळणी करायला जीव उरायचा नाही. मी म्हणायचे, एवढं होऊ दे, मग सगळं परत घोटू. पुन्हा म्हणा. वापरलेली वाट गुळगुळीत होते आणि न वापरलेली बुजते, हे मी स्वतः तुम्हाला समजावून सांगितलं ना वर? ते मला तेव्हा आठवलं नाही. मला फक्त नवी डबी दिसत होती.

शेवटच्या नोंदीला वाक्य घड्याळाच्या टोल्यासारखं स्वच्छ आलं. "अभिनंदन," मदतनीस म्हणाली.

लगेच डबी बंद करून आम्ही ती पुण्याला दिली. नवी आली ती मखमलीच्या खोक्यात, वर चाफ्याच्या फुलाचं चित्र. ऋतुजा पेढे घेऊन आली होती. मी चहाचं आधण ठेवलं आणि बाहेर येऊन उभी राहिले. ह्यांनी डबी खिशात घातली, चालू केली. कंपनीचं संगीत वाजलं. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, डोळे हसले, ते मला ओळखीचे डोळे होते. हाक मारायच्या आधी असेच व्हायचे.

"चूक माझी आहे," डबी म्हणाली.

आवाज ह्यांचा. अगदी ह्यांचा, जिन्यावरनं यायचा तो.

ह्यांनी डबी काढून बघितली, परत घातली. ऋतुजाकडं वळले.

"चूक माझी आहे."

"बाबा," ती म्हणाली, आणि पेढ्यांचा पुडा खाली ठेवला. आत आधण उतू गेलं.

नंतर निमिषनं फोनवर समजावलं. त्याची गरज नव्हती, मला आधीच कळलं होतं. जुन्या चिपमध्ये शेवटी एकच वाट घट्ट उरली होती. बाकीच्या इतक्या पुसट की मेंदूतनं कुठलाही हुकूम आला, चहाचा, गुडघ्याचा, हाकेचा, तो घसरून त्याच घळीत जायचा. प्रयोगशाळेनं जोडन् जोड इमानदारीनं उतरवला. नवी चिप चांगली आहे, तिचा थर जाड आहे. ती काहीच विसरत नाही. जितकं बोलाल तितकी ती घळ खोल.

मी कंपनीच्या त्या मदतनीसला फोन केला. शिव्या द्यायच्या ठरवल्या होत्या, पण रडूच आलं. ती म्हणाली, "हस्तांतरण यशस्वी झाल्याची नोंद आहे. हवं असल्यास डबी पूर्ण कोरी करून मिळेल. ग्राहकाचा स्वतःचा आवाज बांधून देण्याची सोय आता बंद झाली आहे, त्यामुळे मूळ आवाज मात्र परत बसवता येणार नाही. आमच्या संग्रहातले उत्तम मराठी आवाज उपलब्ध आहेत. ऐकवू?"

त्यात कदाचित तिचा स्वतःचाही असेल.

मी ह्यांना विचारलं. कोरी करायची का? पुन्हा शिकवीन, पहिल्यापासनं, दुसऱ्याच्या आवाजात का होईना. ह्यांनी खिशावर हात घट्ट धरला आणि मान हलवली. आवाज द्यायला तयार नव्हते. मीही आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर मलाच तो सोडवत नव्हता.

कोर्टाचा मार्ग कबुलीनं बंद झाला. वकिलानं नोंद ऐकली आणि म्हणाला, "इतकी स्पष्ट कबुली मी कधी ऐकली नाही." ऋतुजा आता दर आठवड्याला येते. कुसळ राहिलं नाही, पण त्याच्या जागी जे आलंय त्याच्यापेक्षा कुसळ बरं होतं. ती बाबांच्या समोर बसते, डबी ते वाक्य म्हणते, आणि ती दर वेळी म्हणते, "नाही बाबा, माझी."

यंदाची खंडेनवमी आली. ह्यांनी पाटावर हत्यारं मांडली, डबी बंद केली आणि मायक्रोमीटरशेजारी ठेवली. कुंकवाचा करंडा हातात घेऊन मी थांबले. बोट पुढं जाईना. ह्यांनी माझा हात धरला, बोट कुंकवात बुडवलं आणि डबीवर टेकवलं. चांगलं ठसठशीत. वर एक झेंडू. तो दिवस बरा गेला. हत्यार चालवायचं नव्हतं, त्यामुळं घरात कुणीही कशाची माफी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. गल्लीत सगळे आपट्याची पानं घेऊन निघतात, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा म्हणतात. मी म्हटलं, डबी घरी ठेवा. ह्यांनी ऐकलं नाही. नवं धोतर, सदऱ्याच्या खिशात डबी, हातात पानं. शेजारच्या हुपरीकरांना पान दिलं. "चूक माझी आहे." हुपरीकर खाली बघत म्हणाले, "असू दे रणजितराव, असू दे." त्यांना वाटलं, खरंच काहीतरी चुकलं असेल. समोरच्या म्हाताऱ्यानं पाठीवर हात ठेवून माफ करून टाकलं. मी मागनं चालत होते. प्रत्येकाला सांगावंसं वाटत होतं की ह्या माणसाची काही चूक नाही हो, चूक चिपची आहे. कितीजणांना सांगणार? आणि नोंद कंपनीकडं आहे.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते. जिन्यावर पावलं वाजली. मग तो आवाज आला, मोकळा, गल्लीच्या टोकाला जाईल असा.

"चूक माझी आहे!"

ह्यांच्या हातात माझ्या वाटचं आपट्याचं पान होतं. मी पदराला हात पुसले आणि चहाचं आधण ठेवलं.

"ओ," मी म्हटलं. "आले."